कडी नसलेली दारं

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या जुन्या इमारतीत एकाही खोलीला आतून कडी नव्हती. दारांवर स्क्रूची भोकं होती, तीही रंगानं बुजलेली. कपडे बदलायचे असले की बाहेरच्या मुठीला ओढणी बांधायची. ओढणी दिसली की कुणी आत यायचं नाही. विद्यापीठाच्या उपकेंद्रात आले तेव्हा मी ही रीत शिकले, पण ती मला पटली नव्हती. मी घरी स्वतःच्या खोलीत वाढलेली. चार माणसांत मराठी बोलायचं तरी आधी मनात वाक्य जुळवून पाहणारी. मला बंद होणारं दार हवं होतं.

शेवटी धीर करून रेक्टर मॅडमना विचारलं.

"सगळीकडेच बसवायच्या आहेत. तुझ्या खोलीपासून सुरू करू," त्या म्हणाल्या.

कडी बसली त्या दिवशी शेजारची मुलगी दारात येऊन म्हणाली, "इंग्लिश मीडियमच्या मॅडम, आता बेलबी बसवा. आमी वाजवून येतो!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर दार लावून बऱ्याच दिवसांचं रडून घेतलं. का रडतेस, असं विचारायला कुणी आलं नाही.

 माझ्या रूममेटनं त्या रात्री आपली कॉट खिडकीखालून दाराजवळ ओढली. मला वाटलं, वाऱ्यासाठी असेल.

पुढच्या आठवड्यात तिची आई लोहाऱ्याकडच्या गावाहून भेटायला आली. त्याही याच वसतिगृहात राहून शिकलेल्या. दुपारी जेवून त्या लेकीच्या कॉटवर आडव्या झाल्या. मी कडी लावली. आवाजासरशी त्या उठून बसल्या.

"कडी काढ गं आधी."

मी काढली. त्यांनी दार सताड उघडलं आणि उंबऱ्यातच बसल्या.

"आमच्या टायमाला भूकंपातल्या लई पोरी होतो इथं," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "कडी लागली की एकीलाबी झोप यायची न्हाय. मग तवाच्या मॅडमनी सगळ्या कड्याच काढायला लावल्या. म्हणल्या, आडोशाला ओढणी बांधा."

"काकू, तुमच्या घरी…" पुढचं वाक्य मला जुळेना.

"दार अडकलं. आमाला भिंत फोडून काढलं. धाकटी आतच राहिली."

रूममेटनं त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरी अजून दार नुसतं लोटूनच झोपतो."

जाताना काकूंनी कडीवरून हात फिरवला. "राहू दे," म्हणाल्या. "तुलाबी झोप आली पायजे की."

कडी अजून आहे. कपडे बदलताना मी ती लावते, रडायचं असलं तरी लावते. काकू गेल्या त्या रात्री मात्र अंथरुणावर पडण्याआधी उठून मी ती काढली आणि दार नुसतं लोटलं.  रूममेट उठली, आणि कॉट ओढत पुन्हा खिडकीखाली घेऊन गेली.