रेसचा घोडा आणि नालवाले काका

घोडा समोर आला की ते आधी त्याचा पुढचा पाय उचलून आपल्या दोन गुडघ्यांत धरायचे, खुरावरून अंगठा फिरवायचे आणि मग मान वर करून मालकाला विचारायचे, "याला काम काय देता?" नाव, वय, कुठून आणला, हे सगळं नंतर. कामाप्रमाणे नाल, असं त्यांचं शास्त्र होतं.

इंदुरात त्यांना सगळे नालवाले काका म्हणत. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या पागेबरोबर इकडे आले. पागा गेली, घरातली बाकीची माणसं शाळेत, बँकेत, रेल्वेत लागली. हे एकटे घोड्यांच्या पायाशी राहिले. लग्नकार्यात नातेवाईक त्यांची ओळख करून देताना जरा अडखळत. मग काकाच सांगून टाकत, "मी चप्पल-जोड्यांचं काम बघतो. गिऱ्हाईक चार पायांचं असतं, एवढंच."

मी पशुवैद्य. सरकारी दवाखान्यात नवीन होते, तेव्हाची गोष्ट. गायी-म्हशींची मला सवय होती, घोडा मात्र पुस्तकातच जास्त पाहिलेला. एक दिवस वरातीची मारवाडी घोडी लंगडत आली. मी सांधा दाबून पाहिला, सूज शोधली आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरायला घेतलं. दाराशी उभे असलेले काका हळूच माझ्याजवळ आले आणि मालकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "डॉक्टरबाई, टेन्शन मत लो. कोणी तरी खिळा जास्ती आत ठोकलाय, बस." त्यांनी नाल काढली, खिळा उपसला, घोडी दोन पावलं सरळ चालली. मालक त्यांचे आभार मानायला लागला, तर म्हणाले, "मला काय, बाईंनी सांगितलं ते केलं."

त्या दिवसापासून घोडा आला की मी त्यांना फोन करायचे.

तुम्ही इंदूरच्या वरातीतली घोडी पाहिली असेल. पुढच्या वेळी तिचे कान बघा. मारवाडी घोडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. हे मला काकांनीच दाखवलं. हे जनावर पूर्वी लढाईत जायचं, आता ढोलावर पाय टाकतं. वरात फरशीवरून, टाइल्सवरून जाते म्हणून तिच्या नालेखाली ते जुन्या टायरचं रबर बसवत. काठेवाडीचे कानही तसेच, पण अंग हलकं आणि काटक. पोलिसांच्या गस्तीला चांगलं. तरुणपणी ते महूला छावणीतल्या घोड्यांना नाल मारायला जात. तिथे पहाडात ओझं वाहिलेली लडाखकडची झंस्कारी तट्टं त्यांनी हाताळली होती. ती बुटकी, केसाळ, आणि छाती अशी की चढाला दम लागत नाही. मणिपुरी तट्टू पोलोला. मेंढ्यांचे कळप घेऊन माळव्यात उतरणाऱ्या धनगरांकडे एखादं भीमथडी तट्टू दिसलं की काका रस्त्यात थांबून रामराम करत. अख्खा संसार पाठीवर घेऊन चालतं आणि कुरकुर करत नाही, असं त्यांचं त्याच्याबद्दलचं मत. आणि थरोब्रेड, म्हणजे रेसचा घोडा. त्याला लोखंड नको, ॲल्युमिनियमची पातळ पट्टी पुरे. "हा घोडा नाही, बाई," ते म्हणत, "हा बंदुकीतून सुटलेला छर्रा आहे."

त्यांची ही सगळी माहिती तेव्हा मला चुकणार नाही अशी वाटायची. त्यांनाही वाटत असावी.

विजय नगरच्या बाजूला एक घोडीवाला आहे, लग्नांना घोडे पुरवणारा. त्याने रेसमधून निघालेला एक उंच, तांबूस थरोब्रेड आणला. पांढऱ्या घोड्या सगळेच आणतात, आपला नवरदेव असा उंचावर दिसला पाहिजे, हा त्याचा विचार. काकांनी त्याला नाल मारायला नकार दिला. त्यांनी समजावून सांगितलं की याने जन्मभर एकच गोष्ट केली आहे, आवाज झाला की पळायचं; तू याच्यासमोर डीजे लावशील तर हा नवरदेवाला उज्जैनला नेऊन सोडेल. घोडीवाला हसला आणि दुसऱ्याकडून नाल मारून आला.

पहिल्याच वरातीत तो उधळला. नवरदेव सुदैवाने अजून चढला नव्हता. घोडा रस्त्याच्या दुभाजकावर घसरला, दोन्ही गुडघे सोलवटले. माझ्याकडे आणला तेव्हा तो थरथरत होता. मी टाके घातले. घोडीवाला म्हणाला, "मॅडम, पागल जानवर है. सुई देऊन टाका." मारायची सुई मी देणार नाही म्हटलं. तेवढ्यात काका आले. त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "मला दे. एक महिना." घोडीवाल्याला सुटकाच हवी होती. मी कागद केला, सही केली. पाय पाहिले, छाती पाहिली, आणि घोडा हलवायला ठीक आहे असं लिहिलं.

देपालपुरात काकांच्या एका मित्राचं शेत होतं. तिथे घोडा बांधला. काका रोज सकाळच्या बसने जायचे. फोनवर मला हालहवाल कळायची. खातो चांगला. मान मात्र सारखी डावीकडे वळवतो. त्याचंही कारण त्यांच्याकडे तयार होतं. मैदानात एकाच बाजूला वळून वळून रेसच्या घोड्याला सवय लागते, जाईल हळूहळू. मला ते पटलं.

पंधराव्या दिवशी घोडा दावणीला खात उभा होता. एरवी काका समोरून, वैरण घेऊन, बोलत जायचे. त्या दिवशी ते डाव्या अंगाने, मागून, गुपचूप गेले. खूर साफ करायचे होते. हात लागताच घोडा अंग फेकून बाजूला झाला. त्याने लाथ मारली नाही. पण त्याच्या धक्क्याने काका पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर पडले आणि त्यांचा खुबा मोडला.

हॉस्पिटलात त्यांची मुलगी भेटली. आयटी कंपनीत काम करते, घरात ती आणि काका दोघंच. ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, तुम्ही बाबांना नाही म्हणू शकला असतात. तुमचं ते ऐकतात."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच देपालपुरला गेले. घोड्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले, तो शांत. डावीकडे गेले, तो दचकला. बॅटरी काढून त्याच्या डाव्या डोळ्यात उजेड टाकला. बाहुली हललीच नाही. डोळ्यावर आतून निळसर धूर साचल्यासारखं दिसत होतं. त्याला त्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं, आणि बहुतेक वरातीतही दिसत नव्हतं. टाके घालताना मी त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होते.

मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पंधरा दिवस सोबत होतो त्याच्या. मी जात पाहिली, बाई. घोडा पाहिलाच नाही."

"मीही नाही पाहिला, काका."

"मग दोघंही फेल," ते म्हणाले, आणि माझा हात थोपटला. खाटेवर ते होते आणि समजूत माझी काढत होते.

घोडीवाला भेटायला आला. घोड्याचं आता काय ते उरकून टाकू, म्हणाला. काकांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हटलं, "अंधाऱ्या बाजूने कोणी हात लावला तर तू पण उडशील, भिया." तो विषय तिथे संपला, घोडा देपालपुरातच राहिला.

डॉक्टरांनी वाकायला कायमची मनाई केली. नालबंदाला वाकता येत नसेल तर धंदा संपलाच. त्यांनी कानस, पकड, हातोडी एका दुसऱ्या नालबंदाला देऊन टाकली.

तीन महिन्यांनी मुलगीच त्यांना गाडीतून देपालपुरला घेऊन गेली. वडिलांचा खुबा मोडणारा घोडा तिला बघायचा होता. मीही होते. वॉकर घेतलेले काका तिला म्हणाले, आधी बोल, मग जा, उजवीकडून. काय बोलू, तिने विचारलं. "ऑफिसचं सांग काही तरी." ती पाच मिनिटं तिच्या मॅनेजरबद्दल बोलत राहिली. घोड्याने तिच्या तळहातावरचा गूळ उचलला. पुढच्या रविवारी तिनेच विचारलं, किती वाजता निघायचं.

मग दर रविवार ठरून गेला. त्या घोड्याकडून कोणी कसलं काम घेतलं नाही. वर्षभरात त्याचा दुसरा डोळाही गेला. मी औषधं केली, उपयोग झाला नाही. शेतातलं झाड, हौद, दावण त्याला पाठ होती. माणूस कुठे आहे हे मात्र आवाजावरूनच कळायचं.

गेल्या थंडीत दुपारी जेवून आडवे झालेले काका उठले नाहीत. स्मशानात घोडीवाल्यांची बरीच माणसं होती, विजय नगरचाही होता. मुलगी अजून रविवारी देपालपुरला जाते. कधी मला बोलावते, कधी एकटीच जाते.

मला ते शेवटचे दिसले ते जायच्या दोन रविवार आधी. मी उशिरा पोहोचले. गव्हाच्या कडेला उन्हात खुर्ची टाकून काका बसले होते आणि मोठ्याने हिंदी पेपर वाचत होते. नगर निगमची बातमी, नळाला पाणी कधी येणार ते, हरवलेल्या माणसाची जाहिरात, सगळं. घोडा चार हातांवर चरत होता. पान उलटायला काका थांबले की त्याची मान वर यायची, कान पुढे व्हायचे. वाचणं परत सुरू झालं की तो तोंड गवतात घालायचा.

मी फाटकाशीच थांबले. पेपर संपायला अजून दोन पानं होती.