गिझरच्या धुराड्यापुढची गोधडी

आज सकाळी शेजारच्या मावशींची सून बाथरूममध्ये बेशुद्ध पडली. दार तोडून तिला बाहेर काढलं. अजून शुद्धीवर आलेली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गॅस गिझरचा धूर आतच कोंडला. मावशी पुटपुटल्या, “म्या ओली गोधडी गॅसच्या पाइपवर टाकलीवती. तितं गरम वारा येतो, लय लवकर वाळतं.”

आमच्या लोणावळ्याच्या धुक्यात दुसरीकडं काही वाळतच नाही. गिझर बसवणाऱ्यानं सगळ्यांकडं गॅसचा पाइप बाहेरच्या भिंतीवर धुराड्याला अगदी खेटून नेला, आणि आम्ही सगळे कपडे वाळत घालायला आयती दोरी मिळाली म्हणून खूश!

दवाखान्यातून घरी आल्यावर मी मावशींच्या घराच्या मागच्या भिंतीकडं गेले. गोधडीनं धुराड्याचं तोंड झाकलेलंच होतं. ओढून काढली, तर अजून ओलीच.

तुमच्या धुराड्यासमोर आत्ता काय वाळतंय? आधी उठून बघा, मग कमेंट करा.