जावयाच्या हातातली बाटली

डेल्फीन बटाटे तळत होती. शेगडीवर कॉफी उकळत होती, आणि स्वतःचं मशीन बिघडलं म्हणून लेक रोशेल धुण्याचं बोचकं घेऊन आली होती. तेवढ्यात दार वाजलं.

आमच्या लाकोटांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या आदिवासींच्या, वस्तीत दार कुणी वाजवत नाही. माणसं सरळ आत येतात आणि आधी भांड्यात काय आहे ते बघतात. दार वाजवतात ते पोलीस, नाहीतर जावई.

जावईच होता. अंगात दवाखान्याचा डगला, हातात झाकणाची रिकामी बाटली. सासू-जावयांनी एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हा मान आम्ही अजून राखतो. एमेट पायरीवरच्या कुत्र्याकडे बघत म्हणाला, "रोशेल, आईला सांग, आज जमातीच्या परिषदेच्या सभासदांतून त्यांची चिठ्ठी निघाली. नशेच्या तपासणीची."

"तिला ऐकू येतं. तुझ्याशिवाय कुणी मिळालं नाही का पाठवायला?"

"नर्सबाई रजेवर आहेत. मी काय नाचत आलोय?"

डेल्फीनने झारा खाली ठेवला. हा नियम तिनेच आणलेला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर तपासता, मग निवडून आलेले आम्ही काय आभाळातून पडलो, असं भर सभेत म्हणाली होती. दारू सोडून तिला कितीतरी वर्षं झाली. पण कालपर्यंत शेजारच्या मयताचं जागरण चाललेलं, सगळा स्वयंपाक तिच्याच अंगावर. पाठ धरली तेव्हा फिलोमीन मावशीने आपल्या औषधातली गोळी तिच्या तळहातावर ठेवली. थोरांनी हाताने दिलेलं परत करायचं नसतं, काय आहे ते विचारायचंही नसतं. तिने गिळली. नंतर कळलं, मावशीच्या हाडांच्या कॅन्सरच्या दुखण्यावरची होती ती, अफूच्या जातीची, तपासणीत नशा म्हणूनच दिसणारी.

मावशीचं नाव घेतलं, तर कदाचित खुर्ची वाचेल. पण गोळ्या वाटणाऱ्याच्या गोळ्या दवाखाना बंद करतो. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या म्हाताऱ्याच्या बंद केल्या, तेव्हा त्याचं कण्हणं हिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"घरी कुणी नव्हतं," एमेट कुत्र्याला म्हणाला, "असंही एखाद्याला सांगता येईल."

रोशेलने आईकडे पाहिलं.

"नको म्हणावं. तुझी नोकरी जाईल, मग माझी नातवंडं या कुत्र्याच्या ताटलीत जेवतील." डेल्फीन लेकीला म्हणाली.

एमेटने बाटली रोशेलकडे दिली. लेकीच्या हातून ती घेऊन डेल्फीन न्हाणीघरात गेली आणि भरून आणून लेकीच्याच हाती दिली.

एमेटने झाकण घट्ट केलं. "रोशेल, मला विचारावंच लागतं. एवढ्यात कुणाचं औषध घेतलंय का त्यांनी?"

कढईतले बटाटे करपत होते. कुणी गॅस बंद केला नाही.

"घेतलंय म्हणावं. कुणाचं ते सांगणार नाही."

"आई, खुर्ची जाईल गं."

"जाऊ दे." डेल्फीन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "त्याला एवढंच विचार. निकाल परिषदेला कळवायच्या आधी मला एक सकाळ मिळेल का? ज्याचं औषध, त्या माणसापाशी जाऊन बसायचंय मला, हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."