चित्रांच्या मठात दोघी गेलो, एकटी परतले

मिल्टन कीन्सहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं शोधणाऱ्यांसाठी ही पोस्ट लिहायची होती. बघू, जमतं का.

बेत इलिंकाचा. ती मूळची रोमानियाची, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिच्या गावाकडच्या मठांच्या भिंती आतून-बाहेरून चित्रांनी भरलेल्या असतात, हे तिच्याकडून अनेकदा ऐकलं होतं. तसाच एक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ इथे इंग्लंडमध्येच, नॉरफकला आहे, शनिवारी जाऊ या का, असं तिने विचारलं. माझा नवरा अभय कामात होता, म्हणून आम्ही दोघीच माझ्या गाडीने निघालो.

केंब्रिजपर्यंत रस्ता मस्त. पुढे शेतांमधले रस्ते इतके अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे जायचं. मठाला तिकीट नाही, पार्किंग फुकट. बायकांनी लांब स्कर्ट घालावा, डोकं झाकायला काहीतरी न्यावं. मी ओढणी नेली होती. मठाचं नाव मुद्दाम देत नाही, कमेंटमध्ये विचारू नका.

बाहेरून ते इथल्या कुठल्याही खेड्यातलं जुनं दगडी चर्च वाटतं. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थबकले. जमिनीपासून छतापर्यंत कुठेही कोरी जागा नाही. गडद निळ्यावर संत, घोडे, मासे. एका भिंतीवर आगीची लाल नदी आणि तीत गटांगळ्या खाणारे मुकुटधारी राजे. हे सगळं इथल्या नन्सनीच रंगवलंय, असं इलिंकाने सांगितलं.

जेवणही त्यांच्याबरोबरच. बीन्सचं सूप, ब्रेड, ऑलिव्ह. शाकाहाऱ्यांनी बिनधास्त जावं. जेवताना बोलायचं नाही, एक नन वाचून दाखवते.

जेवून गाडीपाशी आलो तेव्हा इलिंकाने डिकीतून आपली बॅग काढली. मठाला द्यायचे कपडे आहेत, असा माझा समज होता.

"मी इथेच राहणार आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, वीकेंडपुरती. ती म्हणाली, कायमची. मठाच्या मुख्य मदरशी तिचं वर्षभर बोलणं चालू होतं. नोकरी सोडून झाली होती, फ्लॅट रिकामा झाला होता. तिची आई तिच्याशी बोलत नव्हती. आमच्या दोघींमध्ये एक भिंत, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू अडवलं असतंस. आणि मी थांबले असते."

मी खूप बोलले, मग रडले. एक म्हातारी नन माझ्यासाठी चहा घेऊन आली. रविवारी दुपारी भेटायला येत जा, म्हणाली. शेवटी मी गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडायला जागा कमी होती, तर इलिंकानेच मागे उभं राहून हात दाखवत मला गाडी काढून दिली.

वाटेत रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या एका ले-बायमध्ये बराच वेळ थांबले. घरी आल्यावर अभयने पहिला प्रश्न केला, तिच्यावर कोणी जबरदस्ती केली का? तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे चित्रं दाखवू शकत नाही. खरं तर मला ती आता नीट आठवतही नाहीत. आठवतो तो इलिंकाचा चेहरा. मी पार्किंगमध्ये हुंदके देत होते आणि ती समोर निवांत उभी होती. इतकं निवांत मी तिला आजवर कधीच पाहिलं नव्हतं. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

रविवारी जाणार आहे. तिच्याशी काय बोलायचं, ते अजून सुचत नाहीये.