दोन शेठ, एक मशीन आणि वरची खोली

नारायणगावात मी लिनक्सचा वर्ग चालवत होते असं सांगितलं, की लोक आधी "म्हणजे काय?" विचारतात आणि मग उठायचं नाव घेत नाहीत! एखादा किस्सा विसरायचा म्हटलं, तरी एसटी स्टँडवर कुणीतरी गाठतंच. "ताई, ते कुंकवाचं सांगा ना!"

दिल्लीला शिकून मी परत आले ती गावाला लिनक्ससारखं मोकळं, फुकट सॉफ्टवेअर द्यायचंच या वेडानं. जागा मिळाली दोन दुकानांच्या वरची. खाली मोठ्या शेठचं बियाण्याचं दुकान, शेजारी त्यांच्या सख्ख्या भावाचं, धाकट्या शेठचं, टोमॅटोच्या क्रेटचं. वाटणीत सगळं सुटलं, ही वरची खोली अडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. "त्याला मिळण्यापरीस कॉम्प्युटरवाल्या ताईला मिळू दे," एवढ्यावर मात्र एकमत! भाडं नाही. पण दोघांतला एक जरी रुसला, तर वर्ग बंद.

•

मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, एकच, पुण्याहून आणलेलं जुनं. लिनक्सची सीडी घालायच्या आधी पूजा झालीच पाहिजे. मोठ्या शेठनी सीडीच्या छापील बाजूला कुंकवाचं स्वस्तिक काढलं. म्हटलं, चालेल. धाकटे कसे मागे राहतील? त्यांनी सीडी उलटी केली आणि चमकत्या बाजूला हळद, कुंकू, वर नारळाचं पाणी!

मी किंचाळलेच. मशीन वाचतं ती नेमकी हीच बाजू!

धाकटे शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "का हो ताई, दिल्लीत पूजा करत न्हाईत?"

•

सीडी धुऊन-पुसून लिनक्स कसंबसं चढलं. पण त्याचा नेहमीचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडामांड, त्या म्हाताऱ्या मशीनला झेपेना. माउस आत्ता हलवा, बाण चहा पिऊन आल्यावर हलणार! म्हणून मी दुसरा, अगदी हलका डेस्कटॉप टाकला. मशीन पळायला लागलं. पण त्याचं चिन्ह होतं उंदीर!

"बियाण्याच्या दुकानावर उंदीर?" मोठे शेठ पांढरेफटक पडले. जैन माणूस, उंदीर पिंजऱ्यात धरून ओढ्यापलीकडे सोडून येणारे. आता हा कसा धरायचा? वर्ग संपला, असं मी धरून चालले. तेवढ्यात लेण्याद्रीहून दर्शन करून आलेलं एक गिऱ्हाईक वर डोकावलं. "आवं शेठ, गणपतीचं वाहन हाय. राहू द्या की!"

राहिला. रोज सकाळी पडद्यासमोर उदबत्ती!

•

माझ्या वर्गाला येणाऱ्या सुनंदाबाई पश्चिमेकडच्या डोंगरातल्या शाळेत शिकवायच्या. एकदा प्रश्नपत्रिका टाईप करता करता ओरडल्या, "गेलं! समदं गेलं!"

काही गेलं नव्हतं. या डेस्कटॉपवर एकाच पडद्यामागे चार वेगवेगळे पडदे असतात. चुकून बटण दाबून त्या दुसऱ्यावर गेल्या होत्या. मी पहिल्यावर परत आणलं. बाई थक्क.

"म्हंजे शेजारीच व्हतं, आन् दिसत नव्हतं?"

हे दोन्ही शेठनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून पहिला पडदा मोठ्या शेठचा, बियाण्यांचे भाव टाईप करायला. दुसरा धाकट्यांचा, पत्ते खेळायला. मशीन एक, खुर्ची एक, पण दुसऱ्याच्या पडद्यावर कुणी चुकूनही जायचं नाही! वाटणी एवढी चोख मी कोर्टातही पाहिली नसती.

•

मग या डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली. अपग्रेड करायचं तर इंटरनेट मोठ्या शेठच्या दुकानातल्या फोनच्या तारेवरून. खाली रिसीव्हर उचलला, की वर सगळं तुटलं.

"ताई!" एकदा खालून हाक आली. "फोनमधी कोनतरी बोंबलतंय!"

"शेठ, ठेवा तो! तो इंटरनेटचा आवाज. आपला नवा डेस्कटॉप येतोय!"

शेठनी ठेवला. नंतर दिवसभर दुकानात येईल त्याच्या कानाला तोच रिसीव्हर. "ऐका, आमचा डेस्कटॉप येतोय!"

•

शेवटी एकदाचा आला. मशीन चालू केलं आणि बघते तर काय! आधीचं उघडं असलेलं सगळं परत उघडलं होतं, पण चार पडद्यांचा एकच पडदा झाला होता. बियाण्यांच्या भावांवर धाकट्यांचे पत्ते पसरलेले!

मी काही करायच्या आत धाकटे शेठ येऊन बसले. मागोमाग मोठे. दोघांची नजर पडद्यावर. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"अरे, लाल दश्शी काळ्या गुलामावर जाती की," मोठे शेठ म्हणाले.

धाकट्यांनी माउस धरला.

"दिसली व्हती मला," धाकटे म्हणाले. आणि लावली.

इतक्या वर्षांनी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या सुनंदाबाई हातातली प्रश्नपत्रिका सोडून बघत राहिल्या. मोठ्या शेठनी स्टूल ओढलं, डाव पुरा झाला. मग त्यांनी मान वर करून खोलीभर नजर फिरवली.

"लई मोठी हाय रं ही. क्रेट किती मावतील?"

"माप घिऊन बघू," धाकटे म्हणाले आणि खाली जाऊन टेप घेऊन आले. एक टोक मोठ्यांनी धरलं, एक धाकट्यांनी.

"ताई," दोघं एकदमच म्हणाले, "टेबल जरा सरकवता का?"