रिकाम्या कॉम्प्युटरची राखण

आमचा कॉम्प्युटर माळ्यावर असतो. महाडात हे कुणालाच विचित्र वाटत नाही. आधीचा खाली होता, तो पुरात गेला. त्याच्या पोटातला गाळ मी स्वतः चमच्याने काढलाय. तेव्हापासून कॉम्प्युटर, घराची कागदपत्रं आणि बायकोच्या ठेवणीतल्या साड्या यांची जागा शिडीच्या वर. मी खाली असतो. पुरात मी पोहू शकेन असं बायकोचं मत आहे.

गेल्या पावसाळ्यात याच माळ्यावर आम्ही काकांना आणून ठेवलं. माझे सख्खे चुलते. त्यांची वस्ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायाशी, आणि वस्तीच्या वर डोंगराला भेग पडलेली. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्याकडे भेगेची चेष्टा कुणी करत नाही. वस्तीवरची घरं रिकामी झाली, बैल पोलादपुरात पाहुण्यांकडे गेले, पण काका हलेनात. शेवटी "दोन दिवस चला" म्हणून आम्ही त्यांना उचलून आणलं आणि दोन दिवस म्हणजे पाऊस संपेपर्यंत, हे आपल्या मनातच ठेवलं.

काकाही काही कमी नव्हते. परत जायला रोज एक नवं निमित्त काढायचे. आमटीत खोबरं जास्त झालं, जातो. डास चावले, जातो. शेजारच्या कोंबड्याचा आवाज बरोबर नाय, जातो. आम्ही एकेक निमित्त बुजवत होतो. आणि मग कॉम्प्युटरने त्यांना असं निमित्त दिलं की ते काही केल्या बुजेना.

दुपारची जेवणं झाली होती. काका माळ्यावर आडवे झालेले, मी खाली वर्तमानपत्र तोंडावर घेऊन. कॉम्प्युटर चालू होता, कारण तो बंद करायचा मी नेहमी विसरतो. पण त्याला कुणी हात लावलेला नव्हता. आणि एकाएकी त्याचा पंखा घोंघावू लागला. आधी बारीक, मग जाड, मग असा की माळ्याच्या फळ्या गुरगुरायला लागल्या.

काका डोंगरातले. पायाखाली गुरगुर झाली की विचार करायचा नाही, बाहेर पडायचं, हे त्यांच्या हाडांना माहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शिडीच्या चार पायऱ्या गाळून खाली उडी घेतली, ओट्यावरचं रिकामं पातेलं नि उलथनं उचललं आणि गल्लीत उभं राहून बडवायला सुरुवात केली.

आता महाडात पावसाळ्यात पातेलं वाजलं तर लोक काय करतात? वर जातात! आमचं संकट नदीतून येतं. दोन मिनिटांत अख्खी गल्ली गच्च्यांवर. प्रत्येकाच्या हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, ती जूनपासून दारामागे तयारच असते. समोरचे गुरुजी अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत टाकीवर चढले. शेजारच्या काकूंनी मिक्सर वाचवला.

काका खालून ओरडतायत, "खाली या रे! घरं सोडा! मोकळ्यावर चला!"

गच्च्या वरून ओरडतायत, "काका, वेडे झालात काय? वर या, वर!"

"वर काय ठेवलंय? वरनंच येतं सगळं!"

"अहो, वरनं नाही, खालनं येतं!"

पाच मिनिटं हा सामना चालला. आकाश निरभ्र होतं. रस्ता कोरडा होता. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा होता आणि संकट कुठलंच नव्हतं. शेवटी गुरुजींच्या दाढीवरचा साबण वाळला आणि त्यांनी वरूनच मला विचारलं, "नक्की काय आलंय?"

मी माळ्यावर जाऊन आलो. वर सगळं शांत होतं. मी गल्लीला हात जोडून सांगितलं, "कॉम्प्युटर."

काकांनी पातेलं खाली ठेवलं. "तुझ्या घरातच डोंगर हाय," ते म्हणाले. "त्यापरीस माझा बरा. वळखीचा तरी हाय. परवा जातो."

परवा! बाहेर पावसाचा इशारा, वर भेग, आणि माझे काका एका पंख्यावर रागावून त्या भेगेखाली झोपायला निघालेले. मी ताबडतोब मुंबईला मेहुण्याला फोन लावला. तो असल्या यंत्रांचंच काम करतो.

"भावोजी, तुम्ही काही करत नसतानाही प्रोसेसर राबतोय," तो म्हणाला. "आवाज आला की टास्क मॅनेजर उघडा. कोण किती टक्के खातंय, दिसेल."

सोपं होतं. आवाज आला, मी धावत शिडी चढलो. आवाज बंद. टास्क मॅनेजरमध्ये दोन टक्के. खाली आलो, घोंघावणं. वर गेलो, दोन टक्के. ती यादी उघडीच ठेवून, चपला काढून गेलो, दोन टक्के. बायको म्हणाली, मी जाते. तिलाही दोन टक्के. सहाव्या खेपेला मेहुणा फोनवर म्हणाला, "भावोजी, कॉम्प्युटर ठीक आहे. तुम्ही जरा आराम करा."

काका माळ्याच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसून हे सगळं बघत होते. त्यांना राहवेना. "तू येतोस कसा? रेडा चढल्यासारखा. डुकराला चाहूल लागली तर ते शेतात थांबेल? हा पण तसाच. तुझा पाय शिडीवर पडला की गप."

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. कारण माझं हसणं टेबलापर्यंत पोचलं होतं: फळ्या हलल्या, टेबल हललं, त्यावरचा माउस किंचित सरकला आणि पडद्यावरचा बाण थरथरला. मालक आला असं समजून कॉम्प्युटर आपलं चोरटं काम टाकत होता. आम्ही सगळे त्याला पकडायला जात होतो आणि जाता जाता वर्दी देत होतो.

"काका," मी म्हटलं, "राखण करता?"

पन्नास वर्षं भाताची राखण केलेला माणूस! त्यांनी मलाच माळ्यावरून हाकललं. माझा मोबाइल घेतला, फोटो कसा काढायचा ते एकदा विचारलं, पाठ भिंतीला लावली आणि दगड झाले. खाली मी आणि बायको श्वास रोखून. अर्ध्या तासाने वरून दबकी हाळी आली.

"सात... सात... हलला... चाळीस... गप रावा... अठ्ठ्याण्णव! घावला!"

फोटोत पहिल्याच ओळीत गुन्हेगार होता. पुतणीच्या लग्नाचे साडेपाच हजार फोटो लावायला मीच घेतलेला अल्बमचा प्रोग्राम. कॉम्प्युटर रिकामा दिसला की तो फोटोंतले चेहरे ओळखायला बसायचा, कुणाचा कुठला हे वेगळं करायला. आणि आमच्या लग्नात सगळ्या भावकीला एकाच रंगाचे फेटे, त्याखाली एकच नाक. बिचारं यंत्र दर दुपारी आमची भावकी निवडायला बसत होतं आणि घामाघूम होत होतं.

मी विजयाने प्रोग्राममधली 'चेहरे आपोआप ओळखा' यापुढची खूण काढून टाकली. पंखा शांत झाला. आणि त्या शांततेत मला घोंगडी झटकल्याचा आवाज आला.

"डुक्कर घावलं," काका म्हणाले. "आता राखायला काय उरलं? सकाळच्या एसटीने जातो."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला ती खूण परत लावावीशी वाटली. मग ती स्वतःच शिडी चढली, खुर्चीत बसली, तो प्रोग्राम उघडला आणि अगदी निरागस आवाजात म्हणाली, "काका, हे विचारतंय, हा आणि हा एकच माणूस आहे का. मला मेलीला कुठे कळतंय? हा कोण हो?"

काका घोंगडी हातात धरून वाकले. "एकच? आंधळं हाय का काय? हा खालच्या आळीचा थोरला. आन् ह्यो त्याचा चुलता. नाय दाब गो, नाय."

"आणि हा?"

"सरक जरा. दिसू दे."

ती सरकली. काका खुर्चीत बसले. सकाळची एसटी गेली, दुपारचीही गेली. पोलादपूरच्या बाजूला तो अख्खा आठवडा पाऊस कोसळत होता आणि काका माळ्यावर बसून भावकीतल्या एकेकाला यंत्राच्या तावडीतून सोडवत होते. मध्येच त्यांचा आणि माझा फोटो शेजारी शेजारी आला. खाली प्रश्न: एकच व्यक्ती?

काकांनी बराच वेळ दोघांना न्याहाळलं. "नाय," ते म्हणाले. "माझं नाक सरळ हाय."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "किती तोंडं ऱ्हायली रे?"

"चार हजारांवर असतील."

"म्हणजे भाद्रपद सरला," ते कुरकुरले, आणि शिडीवरून खाली ओरडले, "गो, उद्या आमटीत खोबरं कमी घाल!"