बापासाठी राखलेली मिशी

नातवाचं लगन ठरलं. भूपेश नाव त्याचं, चामोर्शीले मोबाईलच्या दुकानात असते. आता लगनाच्या आधी नवरानवरीनं तलावात उभं राहून फोटो काढाची पद्धत निघाली हाय. आमी ढिवर लोक, आमी बी पाण्यात उभे राहत होतो, पण मासे धराले. तं त्या फोटोसाठी त्यानं छातीवरचे, हातावरचे सारे केस मशीननं काढले. पाठीवर हात पुरेना तवा न्हाणीतून आवाज देल्ला, "आजी, ये ना वो, पाठ तेवढी करून दे."

मी गेली. मशीन मांजरीवानी गुरगुरते, पण कामाची हाय. रक्त काढत नाई. मी मानेपासून खाली खाली येत गेली, अन् पोट्टा म्हणे, "आजी, तुले तं गजब जमते."

तेवढ्यात माहा लेक सोमाजी आला. पन्नाशीचा झाला, पण आवाज अजून मोठा. "अबे, बाई झाला का तू? आपल्या खानदानात कोण्या मरदानं असं..." अन् मधातच थांबला. माह्याकडं पाहिलं, माह्या हातातल्या मशीनकडं पाहिलं. चप्पल घातली अन् धानाच्या बांधीकडं निघून गेला.

"काय झालं बाबाले?" भूपेश म्हणे.

"त्याले त्याचा बाप आठवला," मी म्हटलं.

नवऱ्याचं नाव घ्याची आमच्यात पद्धत नाई. पण तो जाऊन सहा वर्सं झाली, आता रागावाले कोण हाय. मनसाराम. दिवसा तलावात जाळं टाके, अन् दिवाळीपासून होळीपर्यंत दंडारीच्या नाटकात राधा होऊन नाचे. तवा दंडारीत बाया नव्हत्या. बाईचा पार्ट गड्यानंच कराचा. अन् दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरे, तिथं लोक पुसत, राधा कोणती आणली? चामोर्शीकडची आणली म्हटलं की बैलबंड्या जुंपून येत.

मी सतरा वर्सांची होती, माह्या माहेरी गोंडपिपरीकडं मंडई होती, तवा मी त्याले पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे राधेले पाहिलं. घागर डोक्यावर नव्हती, तरी मले दिसली. मी माह्या मायले म्हटलं, काय बाई हात हाय इचे! पुढच्या वैशाखात त्याच हाताशी माहं लगन लागलं. पण वैशाखात कुठची राधा? केस परत उगवले होते. लगनात हाताले हात लागला तवा मले वाटलं, कापलेल्या धानाच्या बांधीत अनवाणी पाय पडला. असे टोचले!

भाऊबीज झाली की पहिलं काम ते. घराच्या मागं चुलीवर पाणी तापवाचं, तुरटी काढाची, वस्तरा दगडावर लावाचा. छाती, हात, पाय तो सोताच करे. पाठ माह्याकडं. पहिल्या वर्षी मी दोन जागी कापलं. तो म्हणे, "राधेले काय बिबट्यानं ओरबाडलं असं सांगू का लोकाईले?" मग हळू हळू माहा हात बसला. वरून मोहाचं तेल. दुसऱ्या दिवशी तलावात उतरला की पाण्यानं अंग चरचरे, अन् बाकीचे ढिवर त्याले सोडत नसत.

"काऊन रे मनसाराम, मरळ मासा सोलला का अंग सोललं?"

"सरक जराशी बाई, जाळं टाकू दे."

तो हासे. राधेवानीच हासे, हनुवटी खांद्याले लावून, मग तेच लाजत. बाया मले म्हणत, "तुह्या घरी दोघी बाया वो." मी म्हणो, "हो ना, पाणी भराले बरं पडते." बाहेर असं म्हणो. पण एक सांगतो, कधी कधी मी बी त्याईच्या संगं हासली. पाणी भरताना बायाईत उभी राहून त्याची चाल करून दाखवली. त्यानं पाहिलं होतं का नाई, माहीत नाई. त्यानं कधी म्हटलं नाई, अन् मी बी पुसलं नाई.

आता खरी गोष्ट मिशीची. हाताचे केस कोणाले दिसत नाई, बंडीच्या बाहीत झाकते. तोंड कुठी झाकाचं? अन् आमच्यात बाप जिता असताना पोरानं मिशी काढाची नाई. बाप गेला की दहाव्याच्या दिवशी तलावावर न्हावी डोकं करते, मिशी काढते. पोराकडून बापाले तेवढंच जाते. बाकी काय जाते संगं?

माहा सासरा मुखरू. त्याची मिशी डोंग्याच्या दोन टोकांवानी वर वळलेली. पोरानं एकोणिसाव्या वर्षी राधेसाठी मिशी काढली, त्या दिवसापासून बुडा त्याच्यासंगं बोल्ला नाई. एका घरात राहत, एका डोंग्यात बसत, पण बोलणं माह्या मारफत. "सांग त्याले, जाळं फाटलं." तो समोरच बसला राहे. मी म्हणो, "ऐकलं ना?" तो म्हणे, "सांग बाबाले, ऐकलं." कधी मी घरी नसली तं बुडा कुत्र्याले सांगे. असे सोळा वर्सं.

माहा सोम्या तवा चौथीत होता. शाळेत पोट्टे त्याले राधेचा पोट्टा म्हणत, तो पाटी फेकून मारे. त्या वर्षी कार्तिकात बुडा पडला. कावीळ. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, पंधरा दिवस ठेवलं, मग म्हणाले घरी न्या. त्याचा अर्थ आमाले समजला. तवा तालमी जोरात सुरू होत्या, चार दिवसांवर मोठी मंडई होती. लालसू ढोलकीवाला रोज घरी येऊन जाय.

बुडा खाटेवर होता. मी त्याले पेज पाजून राह्यली होती. त्यानं माहा हात बाजूले केला अन् पोराले थेट आवाज देल्ला. सोळा वर्सांत पहिल्यांदा.

"मनश्या."

तो उठून जवळ आला.

"दहाव्याले झिंगू न्हावी वस्तरा घेऊन बसन," बुडा म्हणे. "सारे भाऊबंद मिशी देतीन. तुह्या तोंडावरून तो काय काढन रे?"

बस. एवढंच. रागानं बी नाई म्हटलं. खरंच पुसल्यावानी पुसलं.

मनसारामनं त्या दिवशी वस्तरा चिंधीत गुंडाळला अन् छपराच्या कवेलूखाली खोचला. लालसू आला, म्हणे, "चार दिवसात काय मिशी येते? येऊ दे आली तं, पदर ओढ तोंडावर." तो म्हणे, "नाई भाऊ. यंदा नाई." लालसू म्हणे, "लोक राधा मांगतीन." तो म्हणे, "लोकाईले दुसरी भेटन."

मंडई झाली. बुडा जगला. माघ लागला. मनसारामच्या तोंडावर मिशी आली, एका बाजूले दाट, एका बाजूले विरळ. बुडा खाटेवरून पाहे. एक दिवस म्हणे, "झिंगे आणले का? रस्सा कर." खाल्ला. भात मांगला. होळीले काठी घेऊन तलावावर गेला. अन् मग, बाप्पा, अकरा वर्सं जगला.

मी हासतो आता, पण तवा हासू येत नव्हतं. दर वर्षी भाऊबीज झाली की मी पाणी तापवो. सवयीनं. पाणी तापे, अन् मग तो त्या पाण्यानं नुसती आंघोळ करे. एका वर्षी मी म्हटलं, "काढा ना. बुडा ठणठणीत हाय. अजून दहा वर्सं हालत नाई."

तो कवेलूकडं पाहत म्हणे, "अन् काढली अन् त्याच वर्षी गेला तं?"

याले काय सांगावं! दर वर्षी तेच. बापानं मरावं असं त्याच्या मनात कधीच नव्हतं. बाप बोलाले लागला होता ना. दोघं डोंग्यात बसत, बुडा त्याले दिवसभर काही ना काही सांगे, सोळा वर्सांचं सारं साचलेलं. मरळ कुठी लपते ते सांगे, माह्या सासूच्या गोष्टी सांगे. संध्याकाळी दोघंजण एका ताटात खात. बुड्याले मिशीवाला पोरगा भेटला होता, अन् पोराले बाप. मी कोणाले काय म्हणू?

पण मंडईत मी त्याले पाहे. तो पुढं बसत नसे. मागं, फुटाण्यावाल्याच्या दिव्याजवळ, शाल पांघरून. राधा यायची, आधी कोणी दुसरा पोरगा, मग दोन-तीन वर्सांनी नाटक कंपनीच्या खऱ्याच बाया याले लागल्या. ढोलकी सुरू झाली की त्याची शाल हाले. वरून माणूस दगडावानी बसला हाय, अन् शालीच्या आत हात चालून राह्यले. घागर उचलली, पदर सावरला, बोट हनुवटीले लावलं. कोणाले दिसत नसे. मले दिसे. मी बायाईत बसून स्टेज पाहतच नव्हती, शाल पाहत होती.

बुडा गेला तो दिवाळीच्या चार दिवस आधी. झोपेत गेला, मिशी तशीच वर वळलेली. पोरगा लय रडला. मले त्याचं रडणं पाहवत नव्हतं. अन् माह्या मनात, आता म्हातारी झाली म्हणून सांगतो, त्या रडण्यातच एक गोष्ट येऊन गेली की आता याचं तोंड मले परत दिसन. असं मनात आलं म्हणून मी सोताच्याच थोबाडीत मारून घेतली.

दहाव्याले तलावाच्या पाळीवर भाऊबंद रांगेत बसले. आमी बाया जराशा दूर, वडाखाली. झिंगू न्हावी म्हातारा झाला होता, पण हात पक्का. डोकं केलं. मग मिशी. अकरा वर्सांची मिशी वस्तऱ्याच्या चार हातात खाली पडली. झिंगूनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, हनुवटी धरून उजेडाकडं वळवली, अन् त्याच्या तोंडून निघून गेलं, "आली बापा, राधा आली."

दोघं-तिघं हासले. दहाव्याच्या ठिकाणी हासाचं नसते, म्हणून खाली पाहून हासले. सोम्या एकवीस वर्सांचा, बापाच्या मागं उभा. त्याचे कान लाल झाले.

मनसाराम हासला नाई. बंडी काढून बाजूले ठेवली अन् झिंगूपुढं हात लांब केला.

"हे बी कर."

"काय?"

"हात. दोन्ही."

वडीलधारा एक भाऊबंद होता, तो चिडला. "दहाव्याले हात कोण काढते बे? रीत हाय का असली?"

"मिशी बाबाची होती. देल्ली," तो म्हणे. "हात माहे हाय."

झिंगूनं इकडं तिकडं पाहिलं. मग तुरटी पाण्यात बुडवली. एक हात केला, दुसरा केला. लोक एक एक करून उठून जेवाच्या जागेकडं गेले. सोम्या बी गेला. पाळीवर तो, झिंगू, अन् वडाखाली मी. मले उठून जवळ जाता आलं असतं. पाठ माह्याकडं होती ना, नेहमीची. पण मी लोकाईच्या लाजेनं बसली. आता वाटते, काऊन बसली? लोक तं निघून गेले होते.

तेरवी झाली अन् तीनच दिवसांत आमच्या गावची मंडई लागली. मी म्हटलं हा जात नाई आता. पण गेला. टकल्या डोक्यानं, फुटाण्यावाल्याजवळच्या त्याच जागेवर. शाल घेतली नव्हती. बंडीच्या बाह्या वर चढवलेल्या. त्याले सेहेचाळीस वर्सं झाली होती, पोट सुटलं होतं, राधा होण्यासारखं काही राह्यलं नव्हतं अन् कोणी बोलावलं बी नव्हतं. स्टेजवर कंपनीची पोरगी राधा होऊन आली. चांगली होती बिचारी.

त्याच्या हातावर काटा आला होता. मी बायाईतून उठली, सगळ्याईच्या समोरून चालत गेली अन् माही शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

त्यानं काढून माह्या हातात देल्ली.

"थंडी वाजन," मी म्हटलं.

"वाजू दे. लय वर्सांनं हवा लागून राह्यली."

अन् ढोलकी आली तवा त्यानं घागर उचलली. उघड्या हातानं, फुटाण्यावाल्याच्या दिव्यात. बाजूचा एक पोट्टा दुसऱ्याले कोपर मारून हासला. मी तिथंच त्याच्याजवळ खाली बसली. बाया पाहत होत्या, पाहू देल्लं. हात लावून पाहिला. टोचत नव्हता. मी म्हणणार होती काहीतरी, सतराव्या वर्षी माह्या मायले म्हटलं होतं तेच. पण त्याचं ध्यान ढोलकीत होतं, म्हटलं मग सांगीन.

महिन्याभरात केस उगवले. परत त्यानं कधी काढले नाई, अन् माहं सांगणं राहूनच गेलं.